संत्र्याची साल आणि आंबलेला गहू

आमच्या वाचनात मद्य येते ते बहुधा दोन वेशांत. एक तर ते संसाराची राखरांगोळी करणारे व्यसन असते, नाही तर मैफलीतल्या शेरोशायरीला रंग आणणारा प्याला. ते एक पेय आहे, त्याला रंग, वास, आंबटकडूपणा आहे, जिभेच्या शेंड्यावर ते एक सांगते आणि घशाशी दुसरेच, याची दखल क्वचितच घेतली जाते. म्हणूनच 'खुल्या मनाने चाखून पाहा' ही शिफारस आम्हांस प्रथम काहीशी विनोदी वाटली. आंबा खुल्या मनाने चाखा, असे कोणी कोणास सांगत नाही.

आमचे गाव नाचणगाव; वर्धा जिल्ह्यातले, पुलगावला खेटून असलेले. 1934 साली गांधीजी वर्ध्यास आले, 1936 मध्ये शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहू लागले. 1938 मध्ये विनोबा पवनारला आले. या वारशापोटी आमचा जिल्हा 1970च्या दशकापासून दारूबंदीखाली आहे. बंदी आहे म्हणजे दारू नाही, असा मात्र अर्थ कोणी काढू नये. 'मोहा सडवा नष्ट' ही बातमी आम्ही शाळकरी वयापासून वाचत आलो. पुलगावपाशी वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि तिथे बंदी नाही. ज्याच्यापाशी गाडी आहे त्याच्यासाठी कायदा नदीच्या पात्राएवढा रुंद. ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी हातभट्टी. लपून, घाईने, एका दमात जे घशाखाली ढकलायचे, त्याला चव कुठून असणार? तिथे प्रश्न एकच: चढते की नाही.

अशा मुलखातून आलेल्या आम्हांपुढे पुण्यात एका मित्राने गव्हाच्या बिअरचा प्याला ठेवला. 2009 साली 'डूलाली'ने पुण्यात जागच्या जागी बिअर गाळून पाजण्यास आरंभ केला, त्यानंतर या शहरात अशा जागांचे अप्रूप उरलेले नाही. बिअर बेल्जियन पद्धतीची होती: जवळजवळ निम्मा गहू मोड न आणलेला, उरलेले मोड आणून वाळवलेले सातू, सोबत धने आणि संत्र्याची साल. रंग लिंबाच्या सरबतासारखा फिकट आणि ढगाळ. हा ढगाळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि न गाळलेल्या यीस्टचा.

प्याला नाकाशी नेला आणि आम्ही थबकलो. तो वास ओळखीचा होता. उन्हाळ्यात आमच्या घरी कुरडयांसाठी गहू भिजत पडे. रोज पाणी बदलायचे, तीन दिवस थांबायचे, मग वाटून चीक काढायचा. त्या तीन दिवसांत न्हाणीघराशेजारच्या पातेल्यातून जो आंबूस, किंचित गोडसर दर्प येई, त्याचे एक सौम्य रूप या प्याल्यात होते. आंबवणारे जीव निराळे, घडणारे रसायन निराळे. धान्य मात्र तेच. त्यामागून धने आले, अगदी भाजीतल्यासारखे नव्हेत, कोरडे आणि लिंबट. शेवटी सालीचा कडवटपणा, ज्या सालीचा फवारा आम्ही हिवाळ्यात एकमेकांच्या डोळ्यांत उडवीत असू. परदेशी म्हणून पुढे आलेल्या त्या पेयात आमच्या ओळखीचे नाही असे फारसे काही निघाले नाही.

शेजारच्या मेजावरचे एक गृहस्थ मात्र हसले. फळांचा वास मारणारी बिअर ही बिअरच नव्हे, कडू तीच खरी, असे त्यांचे मत. सोवळे असे दोन्हीकडे असते. 1516 च्या बव्हेरियन फर्मानानेही बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स एवढेच घालण्याची मुभा दिली. गहू पावासाठी राखावा हा त्यामागचा एक हेतू होता. पण एका सरदार घराण्यास गव्हाची बिअर गाळण्याचा खास हक्क होता आणि 1602 मध्ये ते घराणे खुंटल्यावर तो राजघराण्याने स्वतःकडे घेतला. गंमत अशी की, त्या बव्हेरियन गव्हाच्या बिअरला फळाचा तुकडाही न घालता पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो यीस्टच निर्माण करते. केळ्यातले वासाचे द्रव्य आणि हे द्रव्य एकच. बेल्जियममध्ये हूखार्डन गावातला या पद्धतीचा शेवटचा कारखाना 1957 मध्ये बंद पडला, आणि पुढच्या दशकात पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती बिअर पुन्हा जिवंत केली. शुद्ध काय आणि भेसळ काय, हे चवीपेक्षा फर्मानांनीच अधिक वेळा ठरवलेले दिसते.

आमच्या वर्ध्यालाही हा भेद अपरिचित नव्हता. मगनवाडीत 1934 मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा पुरस्कार केला. ताडाचा रस तोच. पहाटे तो नीरा, ऊन चढले की ताडी. झाडाला दोष न देता फक्त आंबण्याला दोष देणारी ती दृष्टी आम्हांस अजूनही आदरणीय वाटते. दही, आंबील आणि कुरडई ज्या घरात रोजची, त्या घरात ही रेषा किती बारीक आहे हे मात्र त्या प्याल्याशी बसल्यावर कळले.

दिवाळीत गावी गेल्यावर हे सारे आम्ही शेजारच्या काकूंना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांच्या घरातली मजुरी कित्येक वर्षे भट्टीवर गेली, हे गल्लीला ठाऊक आहे. त्यांनी कुरडयांचा उल्लेख होईपर्यंत शांतपणे ऐकले आणि विचारले, "चव पाहाले कोनी दारू पेते काय?"

त्या प्रश्नात अज्ञान नव्हते. त्यांनी जी दारू पाहिली ती चवीसाठी कोणी पीत नव्हते, हे निखळ सत्य आहे. मन खुले ठेवण्याची सोय, खिशात पैसे असलेल्या आणि सकाळी नोकरीवर जाऊ शकणाऱ्या माणसाला असते; ज्या बायांनी भट्ट्या फोडल्या त्यांच्याकडून तिची अपेक्षा करणे हा उद्धटपणा होईल. तसेच, त्यांच्या दुःखाचा आदर म्हणून आमच्या नाकाने ओळखलेला गहू आम्ही नाकारावा, हेही खोटेच होईल.

बिअर चांगली होती. थोडी अधिक गोड होती, साल किंचित कमी चालली असती, दुसरा प्याला मागवावासा वाटला नाही. काकूंना आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनीही ते मागितले नाही. डबा उघडून गेल्या उन्हाळ्यातल्या कुरडया तळायला घेतल्या.