उंबरठ्याच्या आतील मुशाफिरी

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दहावे व्रत देशावकाशिक. सहाव्या व्रतात दिशांची जी मर्यादा दीर्घकाळासाठी घालून घेतलेली असते, तीच येथे एका दिवसापुरती, प्रसंगी काही घटकांपुरती, आणखी आखडून घेतात. आज गावाबाहेर जाणार नाही, आज पेठेबाहेर जाणार नाही, आज या घराबाहेर जाणार नाही. व्रताचा हेतू आरंभ-समारंभ कमी व्हावा हा आहे, छायाचित्रण हा नव्हे, हे मला ठाऊक आहे आणि त्यांची गल्लत करण्याची माझी इच्छा नाही. परंतु यंदाच्या चातुर्मासात घराच्या सीमेत राहण्याचा नियम घेतल्यावर सकाळचे देववंदन आणि वाचन उरकून जो वेळ उरे, त्यात मी हाती कॅमेरा घेऊन या सीमेच्या आतच फिरू लागलो. पालिताणा, राणकपूर, समेतशिखर यांची प्रवासवर्णने या मासिकात वाचकांनी पुष्कळ वाचली आहेत. आजचे स्थळ ओट्यापासून परसापर्यंत मोजून बासष्ट पावलांचे आहे.

सांगलीच्या वखारभागातील आमचे घर कार्तिकी पौर्णिमेनंतर आम्ही सोडणार आहोत. पुढे पेढी, मागे राहते घर आणि वर मंगळुरी कौले, अशी ही जुनी बांधणी. पेढीच्या भिंतीवर मोटाभाईंनी पेन्सिलीने ओढलेल्या दोन रेघा आहेत. खालची 2005 च्या महापुराची, वरची 2019 च्या. आयर्विन पुलापाशी कृष्णा पंचेचाळीस फुटांवर गेली की धोका, हे सांगलीतील लहान मूलही सांगते. त्या दोन्ही वर्षी ती पातळी केव्हाच मागे पडली होती. तिसरी रेघ ओढण्याची ताकद आता घरात कोणात नाही, म्हणून निर्णय झाला.

2019 चे पाणी ओसरल्यावर आम्ही लग्नसमारंभांचे अल्बम गच्चीवर वाळत घातले होते. चेहरे वाहून गेले होते, कागदावर केवळ जांभळट डाग उरले होते. त्याचे दुःख झालेच. परंतु चेहऱ्यांच्या दुसऱ्या प्रती नातलगांकडे मिळाल्या, सुरतेहून आल्या, निपाणीहून आल्या. मिळाले नाही ते निराळेच. बा ज्या लाकडी रवीने ताक घुसळीत, ती रवी पुरात गेली आणि तिचे एकही चित्र कोणाकडे नव्हते. मुनीमजींचे उतरते मेज फुगून फाटले, त्याचेही नव्हते. आपल्या घरांत कॅमेरा निघतो तो माणसे नटली म्हणजे. ज्या वस्तूंना दिवसातून दहा वेळा हात लागतो, त्यांच्याकडे भिंग वळवावे असे कोणास वाटत नाही.

विम्याच्या कामासाठी सर्वेक्षक आले तेव्हा त्यांनी प्रथम यादी मागितली, मग यादीतील वस्तूंचा पुरावा मागितला. बँकेत असताना मालतारण कर्जाच्या गोदामांत मी स्वतः पोती मोजली आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न मला गैर वाटला नाही. नवल याचे की छायाचित्रणाच्या आद्य पुरुषांपैकी एकाने हेच पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. इंग्लंडमधील टॅल्बट यांच्या 1844 पासून भागाभागांनी निघालेल्या पुस्तकात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक चित्र आहे. लेखी यादी करण्यास लागतो त्याहून थोड्याच अधिक वेळात सगळे कपाट कागदावर उतरते, आणि पुढेमागे चोरी झालीच तर न्यायालयात ही मूक साक्ष कशी ठरेल हा मोठा कुतूहलाचा प्रश्न आहे, अशा अर्थाचे त्यांचे त्यावरील भाष्य आहे. व्यापाऱ्याच्या मनास पटेल असे कलेचे याहून सरळ समर्थन मी वाचलेले नाही. त्याच पुस्तकात उघड्या दारास टेकवून ठेवलेल्या खराट्याचेही चित्र आहे. आणि आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र, फ्रान्समधील निएप्स यांचे, 1826-27 च्या सुमाराचे, तेही त्यांच्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या आवारातील छपरांचेच आहे. ही कला जन्मली ती घरात; देशाटनाला ती नंतर निघाली.

आता पेढीत येऊ. गादीच्या डाव्या हातास जुनी मापे आहेत: चिपटे, मापटे, शेर, पायली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दशमान पद्धती आल्यावर ती निरुपयोगी झाली, तरी कोणी मोडीत घातली नाहीत. त्यांना प्रकाशाकडे पाठ करून ठेवले तर नुसते काळे डबे दिसतात. दाराकडून आडवा येणारा सकाळचा प्रकाश त्यांच्या अंगावरून घसरू दिला की काठ झिजलेला दिसतो. आणि तो सर्वत्र सारखा झिजलेला नाही. माप भरल्यावर दाणे सपाट करण्यासाठी हात ज्या बाजूने फिरत असे, ती बाजू अधिक पातळ आहे. पणजोबांचे छायाचित्र आमच्याकडे नाही, त्यांचा हात मात्र या काठावर आहे. लोखंडी षट्कोनी वजने उलटी करून पाहावीत, तळाच्या खाचेत शिसे भरलेले असते आणि त्यावर तपासणीचे शिक्के उमटवलेले असतात. किराण्याच्या पेढीवर आयुष्य काढलेल्या कित्येकांनी ही बाजू निवांतपणे पाहिली नसेल.

येथे साधनांविषयी दोन शब्द. माझ्याकडे एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, परंतु निम्मी चित्रे नातवाने दिलेल्या मोबाइलवरच काढली आहेत आणि कोणती कशावर काढली ते आता मलाही सांगता येत नाही. भिंग मऊ धोतराच्या तुकड्याने पुसावे. फ्लॅश बंद ठेवावा. तो वस्तूवर थापड मारतो. उभ्याने, माणसाच्या उंचीवरून काढू नये, वस्तूच्या पातळीवर बसावे. आपल्याला बैठकीची सवय आहेच. आणि घाई करू नये. मी एका वस्तूस एक सामायिक, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे देतो. सामायिकात कॅमेरा अर्थातच नसतो, मी केवळ त्या काळाचे माप उसने घेतले आहे. पहिल्या दहा मिनिटांत आपण ते काढतो जे आधीच मनात असते. नंतर कंटाळा येतो, आणि वस्तू दिसू लागते ती त्या कंटाळ्यानंतर.

एका वस्तूपाशी टिकून राहणाऱ्यांची उदाहरणे थोरांतही आहेत. अमेरिकेतील वेस्टन यांनी 1930 साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, म्हणजे उजेड तिच्या सर्व अंगांवर परतून पडेल, आणि ते चित्र जगभर गाजले. प्राग शहरातील सुडेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, शहर परकीयांच्या ताब्यात असताना, त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीची चित्रे काढण्यास आरंभ केला आणि 1954 पर्यंत ते एकच खिडकी काढीत राहिले. कधी काचेवर दव, कधी हिम, कधी एक पेला. आपल्या समाजात तर राजा दीनदयाळ होऊन गेले, 1844 साली सरधना येथील जैन कुटुंबात जन्मलेले, निजामाचे दरबारी छायाचित्रकार. त्यांची दृष्टी राजवाड्यांकडे होती, घरगुती वस्तूंकडे नव्हती. तरी आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असावे.

त्यांच्या काळाविषयी एक गोष्ट मात्र मनात सलते. तेव्हाचा छायाचित्रांचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने तयार होई. पुढे 1871 मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचांचा शोध लागला, आणि आपण शाळकरी वयापासून ज्या फिल्मवर हसत आलो तिच्यावर हाडा-कातड्यांपासून काढलेले तेच जिलेटिन होते. घरात कांदा न आणणाऱ्या कुटुंबांच्या भिंतींवर हे सगळे टांगलेले होते. डिजिटल तंत्राने इतर काय बिघडवले असेल ते असो, या एका बाबतीत त्याने आपली सोय केली आहे. जयणेचे इतर नियम आपल्या हाती आहेत. मी रात्री दिवे लावून चित्रे काढीत नाही, कारण दिव्यापाठोपाठ पतंग येतात. कोळ्याचे जाळे चित्रासाठी हलवीत नाही. फूल तोडीत नाही, गळलेले उचलतो. या नियमांनी चित्रे कमी होत नाहीत. उलट दिवसाचा उजेड कोणत्या घटकेला कोठे असतो हे नीट पाठ होते.

आमच्या घरात तो उजेड मुख्यतः एका काचेच्या कौलातून येतो. माजघराच्या छपरात ते कौल आहे. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून निघालेला पट्टा पाणी गाळण्याच्या गाळण्यावर येतो, साडेदहाला तो फरशीवर असतो आणि बाराच्या आत धान्याच्या कोठीपाशी पोचतो. गाळण्याचे कापड उजेडात धरले तर त्याचा प्रत्येक धागा सुटा दिसतो; मधोमध, जेथे रोज पाण्याची धार पडते, तेथे वीण सैल झाली आहे. मोठ्या वहिनी हे गाळणे बदलणार होत्या. चित्र पाहिल्यावर त्यांनी नवे बांधले आणि जुने घडी करून माझ्याकडे दिले, काही न बोलता.

त्याच माजघरात कौलांच्या फटींतून जे गोल कवडसे पडतात, ते फटीच्या आकाराचे नसतात. ती सूर्याचीच प्रतिबिंबे असतात. फट चौकोनी असली तरी, छप्पर पुरेसे उंच असले तर, कवडसा गोलच पडतो. खंडग्रास ग्रहणात त्यांच्या कोरी होतात. म्हणजे ज्या घराला कौले आहेत ते घर स्वतःच एक कॅमेरा आहे, भिंगावाचून चालणारा. नव्या सदनिकेत हे नसेल, स्लॅबला फट नसते, आणि असली तर ती दुरुस्त करावी लागते.

पेढीच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत अजून हळद आहे. येथे तीन पिढ्या हळदीचा व्यापार झाला. माल हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली राही आणि नमुने इथे येत. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर आमचा व्यापार थांबला होता. दोन पूर येऊन गेले, फरशी किती वेळा धुतली, तरी सांधे पिवळे आहेत. केवळ दारापाशी, जेथे ऊन येते, तेथे पिवळेपणा उडालेला आहे, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. हे पाहून मला वनस्पतींच्या रसावर चित्रे उमटवण्याची एक जुनी रीत आठवली. हर्शेल या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये फुलांच्या रसांवर तिचे प्रयोग केले होते. हळदीवर ती फार छान चालते.

कृती सोपी आहे. हळद स्पिरिटमध्ये मिसळून गाळावी, तो अर्क जाड कागदावर फासून अंधारात वाळवावा. वर एखादी वस्तू ठेवून, वस्तू चपटी असल्यास काचेने दाबून, ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन तास ठेवावे. उघडा भाग फिकट होतो, झाकलेला पिवळा राहतो. मग कागद टाकणखाराच्या पाण्यात बुडवला की झाकलेला भाग विटकरी होतो. ज्यांच्या घरी पूर्वी हळदीचे कुंकू केले जाई, त्यांना यात काही नवे वाटणार नाही, तीच हळद आणि तोच क्षार. यात ना अंडे, ना हाडे.

आसोजच्या आयंबिल ओळीनंतरच्या रविवारी मी घरातील प्रत्येकास एक कागद दिला आणि सांगितले, ज्याला जी वस्तू ठेवावीशी वाटेल ती ठेवा. मोटाभाईंनी तिजोरीची किल्ली ठेवली. मोठ्या वहिनींनी तेच जुने गाळणे ठेवले, त्याची वीण कागदावर जशीच्या तशी उतरली. नातीने बांगडी ठेवली आणि मग विचार बदलून सांडशी ठेवली. धाकट्या भावाने बराच वेळ काही ठेवले नाही. हे घर विकू नये असे म्हणणारा तो एकटाच होता, आणि वाटणीच्या बैठकांत त्याचे आणि मोटाभाईंचे बोलणे मागील वर्षापासून तुटलेच होते. शेवटी त्याने पेढीतले चिपटे आणले, सर्वांत लहान माप, आणि उपडे ठेवले. दोन तासांनी ते उचलले तेव्हा कागदावर एक पिवळे वर्तुळ होते, किंचित वाकडे. मोटाभाई वाकून पाहत होते. ते म्हणाले, “काठ झिजलाय त्या बाजूला.” धाकटा म्हणाला, “हो.” त्या दिवशी एवढेच बोलणे झाले. वाटणीच्या यादीत मापे कोणाच्याही नावावर लिहिलेली नव्हती. आता ती धाकट्याकडे जायची आहेत, असे मोटाभाईंनी स्वतः पेन्सिलीने लिहिले आहे.

हे हळदीचे कागदही उजेडात उडणारच. त्यासाठी दिवाळीच्या शारदापूजनात मांडतो त्यांपैकी एक कोरी वही घेतली आहे. पहिल्या पानावर कुंकवाने उतरत्या ओळींत ‘श्री’ लिहिल्यावर पुढच्या पानांत हे कागद मिटून राहतील. माझ्या नियमास अद्याप काही दिवस आहेत आणि परसातील धुण्याचा दगड, पेढीची वरची कडी, मागील जिन्याची सातवी पायरी एवढे राहिले आहे. पायरीवर ऊन दुपारी चारनंतर येते.