बिनपडद्यांचे वाद्य

जत्रेच्या गर्दीत, बांगड्यांच्या आणि फुग्यांच्या दुकानांमधून वाट काढीत जाणारा एक माणूस हमखास भेटतो. त्याच्या खांद्यावरील काठीला लहान लहान वाद्ये टांगलेली असतात. करवंटी किंवा मातीची वाटी, तिच्यावर ताणून बसविलेला कागद, बांबूची कामटी, एखाद-दुसरी तार आणि धनुकलीसारखा गज, एवढाच त्या वाद्याचा संसार. परंतु त्या तारेतून तो माणूस चालता चालता ओळखीच्या गाण्याची चाल अशी काही काढतो की, मुले त्याच्यामागून निघतात. एखादा मुलगा हट्ट करून ते वाद्य विकत घेतो, घरी येऊन गज फिरवितो, आणि तारेतून निघते ते केवळ कुंईकुंई! विक्रेत्याने चांगले वाद्य स्वतःपाशी ठेवून वाईट ते आपल्या गळ्यात बांधले, असे त्या बिचाऱ्याला वाटते. वास्तविक दोन्ही वाद्ये सारखीच असतात. अंतर असते ते बोटांत.

व्हायोलिनचे अर्धे मर्म या जत्रेतल्या निराशेत आहे. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला सूर उमटतो. सतारीला पडदे असतात, ते बोटाला वाट दाखवितात. व्हायोलिनला पट्टी नाही की पडदा नाही. बोट केसभर पुढे सरकले की सूर चढला, केसभर मागे राहिले की उतरला. सुराची जागा कोठे आहे हे डोळा सांगू शकत नाही. ते कानानेच ओळखावे लागते. म्हणूनच शेजारच्या घरात कोणी हे वाद्य शिकू लागले म्हणजे पहिली एक-दोन वर्षे शेजाऱ्यांच्याही सोशिकपणाची परीक्षा असते. तथापि, पडदे नसल्यामुळेच एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अलगद घसरत जाणे, मध्येच क्षणभर रेंगाळणे, सुराला हलका झोका देणे हे सारे या वाद्याला साधते. माणसाचा गळा याहून निराळे काय करतो?

हे वाद्य आजच्या रूपाला आले ते सोळाव्या शतकात, इटली देशात. तेथील क्रेमोना या गावी आमाती घराण्याने व पुढे १७३७ साली निवर्तलेल्या आंतोनियो स्ट्राडिव्हारी याने घडविलेली व्हायोलिने आजही जगातील मोठे वादक जिवापाड जपतात. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या जवळ, एक बारीकशी लाकडी दांडी उभी असते. ती सरसाने चिकटविलेली नसते. तारांच्या दाबामुळे ती जागच्या जागी राहते आणि वरच्या फळीचे कंपन खालच्या फळीस पोहोचविते. ती जरा सरकली तरी आवाज बदलतो. फ्रेंच आणि इटालियन लोक या काडीला वाद्याचा 'आत्मा' म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो आत्मा सहसा दिसत नाही.

साहेबाबरोबर आलेल्या या 'फिडल'ला (आपल्याकडील जुनी माणसे त्याला याच नावाने ओळखीत) प्रथम आपलेसे केले ते दक्षिणेने. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी मद्रासेत एका युरोपियन वादकाकडून ते शिकून घेतले आणि कर्नाटक संगीतात आणले. तंजावरच्या वडिवेलु यांना तर त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. वाद्य तेच राहिले, बैठक बदलली. युरोपातील वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून ते हनुवटीखाली धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवितो. मग डावा हात मोकळा होतो व तारेवरून वरखाली निर्धास्त धावू शकतो. तारा लावण्याची रीतही पालटली. चारी तारा षड्ज आणि पंचम अशा आलटून पालटून लागू लागल्या. पाहुण्याने पंगतीला बसताना आपल्यासारखी मांडी घालावी, तसाच हा प्रकार झाला.

गोव्यात मात्र हे वाद्य निराळ्या वाटेने आले. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना प्रार्थनेच्या संगीतासाठी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शाळांतून बाहेर पडलेली कितीतरी मुले पोटापाण्यासाठी मुंबईस आली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. संगीतकाराने चाल गुणगुणावी, गोव्याकडील संयोजकाने ती भराभर कागदावर लिहून कोणी कोठे काय वाजवायचे ते ठरवावे, आणि वादकांनी समोरचा कागद पाहून वाजवावे, अशी रीत पडली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना व्हायोलिनच्या ताफ्याची जी लाट येते, तिच्यामागे सेबॅस्टियन डिसूझा यांची संयोजकाची लेखणी होती. त्या काळी गायक आणि सारे वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रण करीत. शेवटच्या ओळीत एका गजाची चूक झाली तरी गाणे पहिल्यापासून पुन्हा! इतके करूनही तबकडीच्या वेष्टनावर या वादकांचे नाव सहसा नसे. ऐकणाऱ्यांनी सूर मनात साठविले. ते कोणी वाजविले हे फारच थोड्यांनी विचारले.

अशांपैकी एकाचे नाव मात्र साऱ्या देशाच्या तोंडी झाले, आणि तेही गमतीने. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक व संयोजक. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. आपले राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालावा हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्यापाशी लहानपणी व्हायोलिन शिकलेला प्यारेलाल पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला नामांकित संगीतकार झाला. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका गाण्यात नायकाच्या नावाच्या रूपाने त्याने गुरूचे नाव गोवले. गाणे गल्लोगल्ली गाजले; पण ते नाव एका हयात गुरुजींचे आहे, हे गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते कोण जाणे! गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या पेट्या आल्या. एकटा माणूस दहा बोटांनी तीस व्हायोलिनांचा भास निर्माण करू लागला, आणि गजांचे ते ताफे विरळ झाले. ज्यांचे उभे आयुष्य वाद्यवृंदात गेले, त्यांना हे फार जड गेले असले पाहिजे.

महाराष्ट्रात गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर आणि व्ही. जी. जोग यांनी या वाद्याला ख्यालगायनाच्या मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. त्यांच्या मागून आलेले प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांची वाट थोडी वेगळी होती. कोवळ्या वयात पुण्यातील वाड्यांमधून ते व्हायोलिन वाजवीत. बिदागी असे सव्वा रुपया आणि नारळ. पुढे ते सुधीर फडके यांचे साथीदार आणि साहाय्यक झाले. साथीदाराचे काम मोठे कठीण असते. गायकाच्या पावलावर पाऊल ठेवून चालावे आणि तरी आपली चाहूल फार लागू देऊ नये. पावले जुळविता जुळविता जोगांना गाण्याच्या अक्षरांचीही ओळख पटली असावी. कोणत्या अक्षरावर गज हलका करावा, कोठे तो चटकन वळवावा, कोठे ओढत न्यावा, हे त्यांचा हात जाणत होता. त्यांच्या कार्यक्रमांना नाव पडले 'गाणारे व्हायोलिन'. व्यासपीठावर गायक नसे. ओळखीच्या भावगीतावर गज फिरू लागला की, समोर बसलेल्यांच्या ओठांवर त्या गाण्याचे शब्द आपोआप येत.