प्ले कुठून येतो

द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग एका दिवसात बिघडत नाही. ते महिनोन् महिने सैल होत जातं आणि चालवणाऱ्याचा हात तेवढाच जास्त फिरायला शिकतो. म्हणून ज्याचा ट्रॅक्टर, त्यालाच हा सैलपणा, म्हणजे प्ले, कळत नाही. सुट्टीला आलेला पुतण्या बागेत एक फेरा मारतो आणि विचारतो, ‘काका, हे स्टेअरिंग एवढं रिकामं का फिरतं?’ मग ट्रॅक्टर नारायणगावला माझ्याकडे दुरुस्तीला येतो.

आमच्याकडची ही झीज बागेनं केलेली असते. येडगाव, गुंजाळवाडी, वारूळवाडीच्या बागांत दोन ओळींत ८ ते १० फुटांचं अंतर. मंडपाखालून जायला १५ ते २५ एचपीचा बुटका, अरुंद ट्रॅक्टर, मागे औषध फवारणारा ब्लोअर. ओळ संपली की बांधापाशी फुल कट मारायचा आणि पुढची ओळ धरायची. रस्त्यावरच्या गाडीला फुल कट क्वचित लागतो, इथे तो दर ओळीला लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांच्या धास्तीनं फवारणीवर फवारणी चालते. जमीन ओली, चाकं रुतलेली, आणि जागेवर उभ्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग अंगाचा जोर लावून फिरवलेलं. वरून औषधाचे तुषार. बोर्डो मिश्रणातलं तांबं लोखंडावर बसलं की गंज लवकर धरतो. बॉल जॉइंटचं रबर एकदा फाटलं, की तेच पाणी चिखलासकट आत जातं आणि आतला बॉल घासून लंबगोल होतो.

स्टेअरिंगपासून चाकापर्यंत मोजायला गेलं तर कॉलम, बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड, नॅकल आर्म, किंग पिन, हबचं बेअरिंग एवढी माणसं एकमेकांचा हात धरून उभी असतात. प्रत्येकाची पकड केसभर ढिली झाली, की बेरीज स्टेअरिंगवर वीतभर होते. सामान बदलणं यात सगळ्यांत सोपं. खरं काम आहे ते प्ले नेमका कुठून येतो हे शोधण्याचं, आणि त्यासाठी पाना उचलायची घाई मी कुणाला करू देत नाही.

इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एक पोरगा सीटवर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे अगदी थोडं हलवतो. मी खाली बसून एकेका सांध्यावर बोटं ठेवत जातो. अर्धं बोट या तुकड्यावर, अर्धं त्या तुकड्यावर. सांध्याच्या या बाजूला हालचाल येते आणि त्या बाजूला उशिरा पोहोचते, तिथे बोटाला बारीक ठोका लागतो. डोळ्याला तो दिसत नाही. ग्रीस आणि मातीचा थर सगळं झाकून टाकतो, म्हणून आधी तो खरवडायचा. असं करत बॉक्सपासून चाकापर्यंत जायचं, मध्ये एकही सांधा सोडायचा नाही. एक दोषी सापडला म्हणून थांबायचंही नाही, कारण बहुतेक वेळा दोन असतात आणि मोठा ठोका लहान ठोक्याला झाकतो.

नंतर अॅक्सल जॅकवर उचलायचा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि हललं, तर किंग पिनचा बुश किंवा हबचं बेअरिंग. मोटारीत ब्रेक दाबून यातला फरक ओळखता येतो, पण या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नसतो. इथे बघावं लागतं की हब स्पिंडलवर हलतोय की स्पिंडलसकट सगळंच हलतंय.

एवढं न करता बहुतेकांचा हात आधी जातो तो स्टेअरिंग बॉक्सच्या स्क्रूवर. ‘मिस्त्री, निस्तं टाईट करून द्या, उद्या सकाळी औषध मारायचंय.’ घाई खरी असते, आभाळ आलेलं असतं, हे मला कळतं. पण प्ले टाय रॉडमध्ये असेल तर बॉक्स आवळून तो जात नाही. आणि बॉक्सच झिजला असेल तर तो झिजतो मधोमध, कारण स्टेअरिंग सर्वांत जास्त वेळ सरळच असतं. मधल्या झिजेच्या मापानं स्क्रू पिळला की दोन्ही टोकांना, जिथे दाते अजून धड आहेत, तिथे ते घट्ट बसतं. म्हणजे ओळीच्या शेवटी, विहिरीच्या काठाला किंवा बांधाच्या उताराला, फुल कट मारला की स्टेअरिंग परत यायलाच तयार नसतं. हा स्क्रू मी सगळे सांधे तपासून झाल्यावर, शेवटी हातात घेतो.

टाय रॉड एंड काढताना पोरं नटावर वरून हातोडा घालतात आणि आटे बसवतात. बॉलची दांडी निमुळत्या भोकात अडकलेली असते. भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरून दुसऱ्यानं एक खणखणीत ठोका द्यायचा, की ती आपसूक सुटते. काढण्याआधी रॉडची लांबी मोजून ठेवायची. नवा बसवताना खाचांचा नट आवळल्यावर भोक जुळलं नाही, तर नट आणखी आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी. चार पैशांची वस्तू, पण तिच्या जागी तार वळवलेले ट्रॅक्टर माझ्यासमोर आले आहेत, आणि ते रस्त्यानं चालत आले आहेत.

वेल्डिंगबद्दल मी ऐकून घेत नाही. झिजलेल्या किंग पिनवर वेल्डिंगचा थर चढवून लेथवर उतरवून देणारे आहेत. तापवल्यावर त्या पोलादाचा कडकपणा जातो आणि तडा कुठून सुटेल हे वरून कळत नाही. पिन नवी, बुश नवे, बुशाचं ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर, आणि रीमर हातानं, सावकाश.

एक बिघाड मात्र झिजेचा नसतो. बागेतल्या लोखंडी अँगलला चाक आदळतं आणि नॅकल आर्म थोडा वाकतो. सरळ चालताना काही जाणवत नाही. वळताना टायर माती ओरबाडतो. आमच्या शर्यतीच्या घाटात धावणारा बैलगाडा दोन चाकांचा, बैल वळले की तो वळला. चार चाकं आली की वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, आणि ते या आर्मच्या तिरकेपणानं साधतं. म्युनिकचा घोडागाडी बनवणारा लँकेन्स्पर्गर याची ही युक्ती, आणि तिचं पेटंट १८१८ साली लंडनमध्ये अॅकरमननं घेतलं. तो कोन वाकला की कितीही सामान बदला, उपयोग नाही.

२०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. आता कृषी पर्यटनाच्या एखाद्या ठिकाणाहून बॅटरीची गाडीही येते, मूळची गोल्फच्या हिरवळीसाठी बांधलेली आणि आता मुरमावर पळणारी. तिच्यात बॉक्सऐवजी रॅक अँड पिनियन असतं. रॅकवरचा रबराचा भाता फाटून आत मुरूम गेला की दाते खराब होतात. पुढे टाय रॉड, किंग पिन, बुश तेच. तिच्याखाली जाण्याआधी रन-टो स्विच टोवर ठेवायचा आणि बॅटरीची वायर सोडवायची, कारण ही गाडी आवाज न करता निघते.

सगळं बसवल्यावर टो-इन. दोन्ही टायरांवर पुढून, हबच्या उंचीला खूण करून अंतर मोजायचं. मग ट्रॅक्टर ढकलून त्याच खुणा मागे आणायच्या आणि पुन्हा मोजायचं. पुढचं अंतर थोडं कमी हवं, किती ते त्या मॉडेलच्या पुस्तकात असतं. ओळीत बसावा म्हणून कुणी पुढची चाकं आत घेतली असतील, तर टाय रॉडही तेवढाच आखूड करावा लागतो. हे बरेचजण विसरतात आणि एका हंगामात टायर खातात.

गिऱ्हाइकाला मी एवढंच सांगतो, की किंग पिनला ग्रीस भरताना पुढचा अॅक्सल उचला. वजन खाली असताना भरलं तर ग्रीस थ्रस्ट बेअरिंगपर्यंत जात नाही, बाजूनं बाहेर येतं. जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत भरा. आणि ट्रॅक्टर श्रावणात आणा. छाटणी झाल्यावर माझ्याकडे रांग असते आणि तुमच्याकडे वेळ नसतो.