न लढलेला गडी

"आजोबा, किल्ला कुठाय?"

"तू त्याच्या डोक्यावरच उभा आहेस. उतर खाली."

नातू उतरला, पण त्याचा विश्वास बसला नाही. त्याला दोष तरी कसा द्यायचा? राजगड, तोरणा पायाखाली घातलेला मी. मलाही पहिल्या दिवशी हे गृहस्थ ओळखू आले नव्हते. झाडीतून जाणारा गवताळ उंचवटा, त्याच्या बाहेरच्या अंगाला पानांनी भरलेली चर, चरीच्या कडेने कुत्री फिरवणारी मंडळी. आपल्याकडे कालव्याच्या कडेला मातीचे ढिगारे असतात, तसाच एखादा ढिगारा असावा असे वाटले होते. पाटी वाचली तेव्हा उलगडा झाला: फोर्ट वॉर्ड.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, अलेक्झांड्रिया गावाच्या पश्चिमेला हा मातीचा किल्ला आहे. मुलीकडे मुक्कामाला असलो की सकाळचा फेरा मी तिथेच मारतो. रोज भेटल्यावर माणसाचा स्वभाव कळतो, तसा याचाही कळत गेला. स्वभाव अबोल. अंगावर काही मिरवायची हौस नाही. दरवाजा तेवढा अपवाद, त्याच्याविषयी पुढे सांगतो.

याचा जन्म घबराटीतला. अमेरिकेतले उत्तर-दक्षिण यादवी युद्ध नुकते पेटले होते. 21 जुलै 1861 ला बुल रनच्या लढाईत उत्तरेची फौज पळत सुटली आणि राजधानी वॉशिंग्टन उघडी पडल्याचे सगळ्यांना कळले. मग कुदळी-फावडी निघाली. सैनिक खणू लागले, मजूर खणू लागले, गुलामीतून पळून आलेले काळे लोकही राजधानीभोवतीच्या या कामांवर राबले. राजधानीभोवती असे किल्ल्यांचे कडेच उभे राहिले, त्यातला हा एक. सुरुवातीला बेताचा होता, पुढे वाढवला. शेवटी तटाचा घेर 818 यार्ड, पाच बुरूज, 36 तोफांच्या जागा. अख्ख्या कड्यात आकाराने पाचवा. नाव मिळाले जेम्स हार्मन वॉर्ड या आरमारी अधिकाऱ्याचे. पोटोमॅक नदीवर आपल्या बोटीवरची तोफ नेमावर धरताना तो जून 1861 मध्ये मारला गेला; या युद्धात पडलेला उत्तरेचा पहिला नौदल अधिकारी. पाण्यावरच्या माणसाचे नाव कोरड्या टेकाडाला मिळाले.

माती कशाला, दगड का नाही, हा आपल्या मराठी डोक्यातला प्रश्न. घाई हे एक कारण होतेच, पण मातीचे स्वतःचेही काही म्हणणे आहे. एप्रिल 1862 मध्ये जॉर्जियातल्या फोर्ट पुलास्कीच्या जाडजूड विटांच्या भिंतीला नव्या, आट्यांच्या नळीच्या तोफांनी तीस तासांत भगदाड पाडले. विटेला गोळा लागला की वीट फुटते आणि तिचे तुकडे आतल्याच माणसांना लागतात. मातीला गोळा लागला की माती तो गिळते. रात्री चार फावडी माती पुन्हा टाकली की सकाळी तट जसाच्या तसा. हे आपल्या लोकांना काही नवे नव्हते. 1805 साली यशवंतराव होळकर भरतपूरच्या राजाच्या आश्रयाला होते, तेव्हा इंग्रजांच्या लॉर्ड लेकने तिथल्या मातीच्या तटावर चार हल्ले चढवले, चारही फसले.

तटाच्या आतली बाजू पाहावी ती वायव्य बुरुजात. हा बुरूज जुने आराखडे आणि छायाचित्रे पाहून पुन्हा उभारला आहे. आत माती ढासळू नये म्हणून लाकडी ओंडके उभे रोवून भिंत केलेली, तोफेचे तोंड बाहेर काढायला तटात कापलेल्या खिडक्या, मधे जमिनीत अर्धे गाडलेले दारूकोठार. ओंडक्यांच्या फटीत एक खार तोंडातला ओकचा दाणा कोंबत होती. तो बसेना, तेव्हा तिने काढला, फिरवला, पुन्हा कोंबला. दारूगोळा असा मन लावून इथे भरला गेल्याला दीडशेहून जास्त वर्षे झाली.

आता मुख्य गोष्ट. या गड्यावर कधी हल्लाच झाला नाही. जुलै 1864 मध्ये दक्षिणेचा जनरल अर्ली राजधानीवर चालून आला, पण आला उत्तरेकडून, फोर्ट स्टीव्हन्सवर. तिथे गोळ्या झडल्या, खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकन तटावर उभे राहून पाहत होते, त्या किल्ल्याचे नाव इतिहासात गेले. हा इकडे नैर्ऋत्येला, तोफा रोखून, रस्त्यावर डोळा ठेवून बसलेला. आयुष्यभर नाइट ड्युटी केली आणि चोर शेजारच्या आळीत शिरला, अशातली गत. पण चोर या आळीत का आला नाही, हे कोणी त्या रखवालदाराला विचारत नाही.

आणि तो दरवाजा! कमान, वर इंजिनिअर दलाचे किल्ल्याचे चिन्ह, तोफगोळ्यांची सजावट. एवढा थाट पुरा झाला मे 1865 मध्ये. दक्षिणेचा सेनापती ली याने एप्रिलातच शस्त्रे खाली ठेवली होती. अगदी वरातीमागून घोडे! आज आपण पाहतो तो दरवाजा नव्याने बांधलेला आहे, पण मला या गड्याची ही एकच हौस फार आवडते.

त्याच वर्षाअखेर तोफा निघाल्या, फौज गेली. मग या जमिनीवर गुलामीतून सुटलेली काळी कुटुंबे येऊन राहिली. त्यांनी घरे बांधली, मुले वाढवली, माणसे पुरली. ते आपल्या वस्तीला नुसते 'द फोर्ट' म्हणत. सैनिक इथे जेमतेम चार वर्षे होते. ही माणसे जवळजवळ शंभर वर्षे. 1960 च्या दशकात शहराने किल्ला राखायला घेतला, 1964 मध्ये बाग खुली झाली, आणि वस्तीला उठावे लागले. बऱ्याच काळपर्यंत बागेतल्या पाट्या तोफांविषयीच बोलत होत्या. पुढे वंशजांनी आवाज उठवला, उत्खनने झाली, खूण नसलेल्या कबरी सापडल्या. माझ्या मते या किल्ल्याच्या चरित्रातला मोठा अध्याय हाच आहे, आणि तो पाठीमागच्या पानांवर छापला गेला.

युद्धात तोफांना लांबवर दिसावे म्हणून इथले झाडन्‌झाड तोडले होते. आता तटावरच ओक उभे आहेत. मुळे माती धरून ठेवतात हे खरे, पण वादळात झाड उन्मळले की मुळांबरोबर तटाचा घासही जातो. तरीही मूळ तटाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग अजून शाबूत आहे. आपल्याकडच्या गढ्या आठवल्या की हे नवल वाटते. नगर-सोलापूरकडच्या कितीतरी गढ्यांची पांढरी माती गावानेच उकरून धाब्यांवर नेऊन टाकली.

त्या भागात मराठी घरे पुष्कळ आहेत. मुलांकडे जाल तेव्हा एक सकाळ इथे काढा, फिरायला पैसे पडत नाहीत. दरवाजातून आत शिरा, खंदकाच्या कडेने पूर्ण फेरी मारा. तटावर मात्र चढू नका, नातवालाही चढू देऊ नका. गोळ्याला दाद न देणारी ही माती बुटांनी झिजते.