शिंदीवाल्यानं प्यालेली पिल्सनर

शिंदी बनवावी लागत नाही. झाडाच्या मानेला चीर द्यायची, मडकं बांधायचं, रात्रभर रस ठिबकतो आणि हवेतल्या यीस्टनं मडक्यातच आंबायला लागतो. सकाळी गोड, दुपारी आंबट, संध्याकाळी डोकं धरायला लावणारी. सोलापूरच्या उन्हात तिला भारी घाई. इंग्रजांची एल पण उबेतच आंबते, यीस्ट वर येतं, तिला फळासारखा वास येतो. शिंदी तिची लांबची बहीण, उघड्यावर राहणारी.

आजा मिलमध्ये होता. पाळी सुटली की शिंदीच्या दुकानावर. बाकीच्यांना पेला, आजाला करवंटी. ओतणारा वरूनच धार सोडायचा, हात लागू द्यायचा नाही. आजा हे हसत सांगायचा. मला हसू येत नसे. इंग्रजांचा अबकारी पैसा बुडवायला ८ मे १९३० रोजी लोक रुपाभवानीकडं शिंदीची झाडं तोडायला गेले. धरपकड झाली, गोळीबार झाला, गावावर मार्शल लॉ बसला. १२ जानेवारी १९३१ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे फासावर गेले. झाडं तुटली. करवंटी राहिली.

आता तर शिंदीच्या नावानं क्लोरल हायड्रेटचं पाणी विकणारे निघालेत. खरी प्यायची तर खेड्यात ओळख लागते.

परवा ऑफिसातला मित्र म्हणाला, "घरी ये बे, पुण्याहून पिल्सनर आणलीय. नुसतं शिंदी शिंदी करतोस." गेलो. वाचलेला माणूस, बाटली उघडायच्या आधी इतिहास. प्लझेन गावात १८३८ला लोकांनी खराब बियरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग नवा कारखाना काढला, बव्हेरियातनं योझेफ ग्रोल आणला, त्यानं १८४२ला ही सोनेरी बियर काढली. यीस्ट तळाला बसतं, थंडीत सावकाश आंबते, मग आठवडेच्या आठवडे गार तळघरात ठेवायची. "ही काचेतनंच बघून प्यायची," असं म्हणाला आणि माझ्यापुढं कागदी कप ठेवला. स्वतःपुढं काचेचा ग्लास.

"एकच धुतलाय," म्हणाला.

प्यालो. आधी नुसतं गार, जीभ बधिर. मग कडू. कारल्याचं नव्हे, हॉप्सचं, हिरवं गवत चुरगळल्यासारखं. मागनं तोंड कोरडं, साफ. शिंदी पोटात गेली तरी बोलत राहते. ही घोट उतरला की तोंड पुसून निघून जाते. फेस कागदात बसून गेला, कपाची मेणचट चव वर आली.

दुसऱ्या बाटलीला मी उठलो. मांडणीवरचा ग्लास घेतला, धुतला, ओतून घेतली. तो बघत राहिला, काही बोलला नाही. काचेत सोनेरी दिसली खरी, फेस बोटभर उभा. गारठा जरा उतरल्यावर धान्याची चव लागली, भाकरीच्या करपलेल्या कडेची. ती आवडली. कडूपण पण चालून गेलं. तरी शिंदीची सर नाही.

निघताना म्हणालो, रविवारी गावाकडं ये, खरी शिंदी पाजतो, एका मडक्यातली.

"बघू बे," म्हणाला.