लाईट येतीय का?

आमच्या घरात भांडणाला पूर्वी पाणी, पैसा आणि पाहुणे एवढी तीन कारणे पुरत होती. गेल्या जूनपासून त्यात चौथ्याची भर पडली. ते म्हणजे वायफाय.

ते घ्यावे हा हट्ट माझा. ताई बारावी झाली त्या वर्षी अण्णा चार महिने अंथरुणाला खिळून होते. तिची फी राहिली, ती राहिलीच. पुढे माझी पाळी आली तेव्हा मात्र पैसे होते. याविषयी आमच्या घरात कोणी बोलत नाही. यंदा ताईला घरबसल्या काम मिळाले. गिऱ्हाइकांच्या तक्रारी संगणकावर नोंदवायच्या, संध्याकाळी सहा ते दहा, तासावर पैसे. आईने भिशीच्या पैशातून जुना लॅपटॉप घेतला आणि मी कनेक्शन जोडून आणले. घरात कॉलेजात जाणारी मी एकटी, तेव्हा या डब्याची सारी जबाबदारी ओघानेच माझ्यावर आली.

पंधरा दिवस बरे गेले. मग एके संध्याकाळी सात वाजता ताई ओरडली, ‘‘गेलं गं!’’ कनेक्शन तुटले की तिचा कामाचा पडदा बंद होई. पुन्हा नाव-पासवर्ड घालून आत शिरेपर्यंत दहा मिनिटे जात, आणि ती दहा मिनिटे पगारात धरत नसत. मी ऐटीत उठले, डबा बंद करून चालू केला. आले! आईने कौतुकाने माझ्याकडे पाहिले. पाऊण तासाने पुन्हा गेले.

मग हे रोजचेच झाले. दिवसभर सुरळीत, संध्याकाळी तुटातूट. मी कंपनीला फोन केला. ‘‘आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय,’’ असे उत्तर आले. मी त्यांच्याशी भांडले. शेजारची मुले फुकट वापरत असतील म्हणून त्यांच्यावर संशय घेतला.

अण्णांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. एका रात्री जेवताना ते सहज म्हणाले, ‘‘डब्यापतोर लाईट येतीय का, ते बघितलंस का आधी?’’

मी चिडलेलीच होते. म्हणाले, ‘‘अण्णा, ही काही तुमची पाण्याची मोटार नाही. यातलं तुम्हाला काय कळणार?’’

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. अण्णा काही बोलले नाहीत. हात धुतला आणि दुकानाकडे निघून गेले.

त्या रात्री मी इरेला पेटून डब्याची जेवढी म्हणून सेटिंग दिसली तेवढी बदलून टाकली. नाव, पासवर्ड, आणखी काय काय. दुसऱ्या दिवशी घरातले एकही यंत्र जोडले जाईना आणि मी काय काय बदलले होते ते मलाच आठवेना. अखेर सारे मुळावर आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. महिनाअखेर ताईचे अकरा तास कापले गेले. तिने तो हिशेब मला दाखवला नाही. तिच्या उशीखाली मला तो सापडला.

नंतरच्या रविवारी अण्णांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. एक शेतकरी विहिरीवरची मोटार घेऊन आला होता. ‘‘जळली बघा,’’ म्हणाला. अण्णांनी ती उघडली नाही. आधी विचारले, ‘‘शेजारच्या पंपाला लाईट हाय का?’’ तो हो म्हणाला. मग अण्णांनी ती मोटार तशीच दुकानातल्या लाईनवर जोडली. मोटार झकास फिरू लागली! ‘‘मोटार चांगली हाय. मधली केबल बघा जावा,’’ अण्णा म्हणाले. तो माणूस हसत गेला. अण्णांनी त्याच्याकडून चहाचेही पैसे घेतले नाहीत.

मी तिथेच उभी राहिले. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने 1843 मध्ये तर्कशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला. दोन प्रसंगांत बाकी सारे सारखे असेल आणि एकच गोष्ट वेगळी असेल, तर फरकाचे कारण त्या एका गोष्टीत शोधावे, असे त्यात आहे. हे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. घरी मात्र एका रात्रीत दहा गोष्टी बदलल्या होत्या!

त्या दिवसापासून मी एक वही केली. केव्हा तुटले, त्या वेळी डब्यावरचे कोणते दिवे लागले होते, एवढेच लिहायचे. चार दिवसांत दिसले, की तुटते तेव्हाही डब्याचा वीज-दिवा लागलेला असतो, बाहेरच्या लाईनचा दिवा स्थिर असतो आणि लाईन गेल्याचा लाल दिवा लागत नाही. म्हणजे डब्यापर्यंत सारे येत होते. मग मैत्रिणीकडून एक छोटी वायर आणली, ताईला डब्याशेजारी बसवले आणि लॅपटॉप वायरीने जोडला. चार तासांत एकदाही तुटले नाही. मोटार चांगली होती. दोष मधल्या केबलचा होता, आणि आमची मधली केबल म्हणजे हवा!

मग वाचत गेले. अमेरिकेने 1985 मध्ये काही रेडिओ-लहरी विनापरवाना वापरायला मोकळ्या केल्या. वायफायचे पहिले मानक 1997 मध्ये आले, ते 2.4 गिगाहर्ट्झच्या अशाच मोकळ्या पट्ट्यात. हा पट्टा अरुंद आहे. त्यात तेरा चॅनेल सांगतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना धक्का न लावता एका वेळी तीनच चालतात : 1, 6 आणि 11. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते आणि दुसरे कोणी बोलत नसेल तरच बोलते. नळावर दोन घागरी असल्या तर हे ठीक. वीस झाल्या की रांग हलत नाही.

फोनवरच्या एका ॲपने आमच्या भिंतीमागची नावे मोजली. चौदा! बहुतेक 6 वर, आणि आम्हीही 6 वरच. संध्याकाळी सारी गल्ली घरी येते, तेव्हाच आमचे तुटत होते. बंद करून चालू केले की डबा नवी जागा शोधत असावा, म्हणून घटकाभर बरे वाटे. भरीला आमचा डबा जमिनीवर, पत्र्याच्या कपाटामागे. धातू या लहरी अडवतो. ताईचा जुना लॅपटॉप याच पट्ट्यावर चालणारा, दुसरा त्याला पकडताच येत नाही.

एका दिवशी फक्त डबा उचलून फळीवर ठेवला. सहा वेळा तुटायचे ते तीन वेळा तुटले. दुसऱ्या दिवशी फक्त चॅनेल 1 केला. तीनाचे एक झाले. त्या एकावर मात्र माझा इलाज चालेना.

वही घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पाने सावकाश उलटली. म्हणाले, ‘‘मग तिला वायरच टाकू की.’’

दुसऱ्या दिवशी ते वीस मीटर वायर, क्लिपा आणि हातोडी घेऊन आले. ‘‘हिच्यातनं करंट किती जातो?’’ त्यांनी विचारले. ‘‘झटका बसण्याइतका नाही, अण्णा.’’ ‘‘मग ताणू नको. आत तार तुटंल.’’ दाराच्या चौकटीवरून वायर स्वयंपाकघरात ताईच्या टेबलापर्यंत गेली. मोटारीवर घालतात तशी त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने तारीख घातली. पुढच्या पगारात ताईचा एकही तास कापला गेला नाही. या वेळी तिने हिशेब मला दाखवला.

वायर ठोकताना मी एकदा म्हणाले, ‘‘अण्णा, त्या दिवशी मी बोलले ते...’’

तोंडात क्लिपा धरूनच ते म्हणाले, ‘‘स्टूल धर. हलतंय.’’

मी स्टूल घट्ट धरले.