सदऱ्याआडची व्यथा

आपल्याकडे नाक म्हणजे अब्रू. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजीला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक घडवून दिले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते वृत्त छापून आले आणि युरोपातील शल्यविशारदांनी ही विद्या अभ्यासली. या उपचाराला कोणी चैन म्हटले नाही. छातीचे व्यंग मात्र सदऱ्याआड राहते, आणि त्याबरोबर त्याची व्यथाही.

हिंगणघाटला आमच्या घरी माझा पुतण्या चौदाव्या वर्षी अभिषेकाला येईनासा झाला. धर्मात मन लागत नाही, असे थोरले म्हणत. खरे कारण त्याने फक्त आजीला सांगितले: पूजेच्या धोतर-दुपट्ट्यात छाती उघडी पडते, आणि त्याच्या छातीच्या मध्यभागी मोठा खळगा होता.

छातीचे मधले हाड आत ओढले जाण्याचा हा जन्मजात दोष वाढीच्या वयात ठळक होतो. खळगा खोल असल्यास हृदय-फुप्फुसांवर दाब येऊन धाप लागते. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ साली प्रथम योजलेल्या पद्धतीत बरगड्यांच्या कूर्चा न कापता, दोन्ही कुशींतील लहान छेदांतून वाकवलेली धातूची पट्टी हाडामागे बसवतात व साधारण ३ वर्षांनी काढतात. पुतण्याच्या तपासण्यांत हृदय व श्वसन उत्तम निघाले. शस्त्रक्रिया अनिवार्य नाही, मुलालाच विचार करू द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवसापासून घरात हा विषय मोकळेपणाने निघू लागला.

मुलींची व्यथा याहून मूक. आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ साली वर्णिलेल्या विकारात एका बाजूचा छातीचा स्नायू जन्मतः अपुरा असतो. मुलींमध्ये त्या बाजूचा स्तनही नीट वाढत नाही. वाढ पूर्ण झाल्यावर पाठीचा स्नायू वळवून किंवा कृत्रिम रोपण करून समतोल साधता येतो. पण मुलगी बोलली, तर ‘लग्नाच्या वेळी पाहू’ म्हणून तिला गप्प करू नये.

देहाच्या घडणीला शास्त्र नामकर्माचा उदय म्हणते. त्या उदयाने कोणी उणा ठरत नाही, आणि उपचार घेतल्याने देहासक्तही ठरत नाही. माता-पित्यांनी मुलांना एवढा विश्वास द्यावा, की सदऱ्याआडचे दुःख घरात तरी लपवावे लागू नये.